नंबर ७चा, अंतर ५चं!

शनिवार, सकाळचे साडेसहा. खारघरच्या डोंगरावर ढग टेकलेत, सिडकोच्या गोल्फ कोर्सवर हिरवळ चिंब आणि आमच्या ऑफिसातला एक पठ्ठ्या जाम हवेत! हप्त्यांवर घेतलेला नवा कोरा आयर्न सेट. सात नंबरने चेंडू थेट दीडशे यार्डांवर. माझी काकांकडून आलेली जुनी सात नंबर? कशीबशी १३५. ‘टेक्नॉलॉजी, बॉस!’

टेक्नॉलॉजी आहेच. पण दोन्ही काठ्या शेजारी धरून बघा. त्याच्या आयर्नचं तोंड चक्क जास्त उभं आहे. या तिरकेपणाला लॉफ्ट म्हणतात. जुन्या सात नंबरला तो साधारण ३५ अंश असायचा, आता लांब मारणाऱ्या सेटमध्ये २९-३० अंशही असतो. म्हणजे जुनी पाच किंवा सहा नंबर, फक्त खाली आकडा ७! काठीही थोडी लांब. पंधरा यार्डांतले बरेचसे इथेच आले की राव.

मग हेडचं काय? खरी गंमत तिथेच आहे. जुनं ब्लेड म्हणजे मागून भरीव पोलादी पट्टी. मधोमध लागला तर स्वर्ग, नाहीतर हातात झिणझिण्या. ‘पिंग’ सुरू करणारे इंजिनिअर कार्स्टन सोल्हाइम यांनी मागचं पोलाद कोरून कडांकडे ढकललं. हेच ते कॅव्हिटी बॅक. १९८२च्या ‘आय २’ सेटने ते घरोघरी नेलं (म्हणजे ज्यांच्या घरी गोल्फ होतं त्यांच्या!). वजन कडांना असलं की चेंडू टोकाकडे लागला तरी हेड कमी फिरतं आणि अंतर फारसं घटत नाही. वजन खालीही सरकतं, म्हणून कमी लॉफ्टवरही चेंडू उंच उडतो. शिवाय पातळ तोंड थोडं लवचीक असतं. त्या उसळीवर नियमांनी मर्यादा घातलीय.

आपल्यासारख्या वीकेण्डवाल्यांचे दहातले सात फटके मधोमध लागतच नाहीत. तेव्हा कॅव्हिटी बॅक घ्याच. पण दुकानात ‘किती लांब जातो?’ऐवजी ‘लॉफ्ट किती?’ विचारा, आणि पिचिंग वेजचाही विचारा.

कारण पुढच्याच होलवर झेंडा ९५ यार्डांवर होता. पठ्ठ्याची पिचिंग वेज ४४ अंशांची, त्यानंतर थेट ५६ची सॅण्ड वेज. पहिली ग्रीनच्या पलीकडे झुडपात, दुसरी अलीकडच्या चिखलात. तिसऱ्या चेंडूला त्याने काही न बोलता माझ्या बॅगेतली काकांची जुनी वेज उचलली.