खूण, छाप आणि अंगठा : बायबलातील एका भाकिताचा अर्थविचार

बायबलाच्या अखेरच्या ग्रंथाचा, म्हणजे 'प्रकटीकरणा'चा, संबंध मानवी देहात बसविल्या जाणाऱ्या यंत्रांशी जोडून दाखविण्याची प्रथा गेल्या काही दशकांत बरीच रुळली आहे. त्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात एका श्वापदाच्या सत्तेचे वर्णन येते. लहानथोर सर्वांच्या उजव्या हातावर अथवा कपाळावर एक खूण केली जाते, आणि ती ज्याच्याजवळ नसेल त्याचा क्रयविक्रय बंद पडतो, असा त्यातील प्रसंगाचा आशय आहे. २००४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तांदळाच्या दाण्याएवढी, त्वचेखाली बसवावयाची 'व्हेरिचिप' मान्य केली, तेव्हा तेथील अनेक श्रद्धावंतांनी हाच अध्याय उघडला. २०१० मध्ये ती चिप बाजारातून गेली, अध्याय मात्र उघडाच राहिला. जानेवारी २०२४ मध्ये 'न्यूरालिंक' ह्या कंपनीने एका मनुष्याच्या मेंदूत आपले यंत्र प्रथमच बसविले, तेव्हाही त्याचेच पारायण झाले. आपल्याकडे हा प्रश्न आधार क्रमांकाच्या निमित्ताने आला. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी दिला गेला. पुढे मिझोरममधील काही ख्रिस्ती गटांनी तो घेण्यास धर्मभावनेने नकार दिला, तो ह्याच अध्यायाच्या आधारे.

भाकीत खरे की खोटे हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्याचा निवाडा भाषाशास्त्राच्या कक्षेत येत नाही. परंतु एखादा शब्द किती अर्थ पेलू शकतो आणि कोठे तो आपण त्याच्यावर लादतो, हे सांगणे भाषाशास्त्राचे कामच आहे. प्रस्तुत लेखात तेवढेच करावयाचे आहे. मूळ ग्रीक शब्दांसमोर ठेवावयास मराठी उदाहरणे हवीत. ती शक्य तेथे अर्जुनी मोरगाव परिसरातील, म्हणजे झाडीबोलीच्या मुलखातील बोलण्यातून व व्यवहारातून घेतली आहेत. ती तेथूनच का घेतली, हे पुढे आपोआप स्पष्ट होईल.

प्रथम 'भाकीत' ह्या शब्दाविषयी. हिब्रू 'नबी' म्हणजे ईश्वराच्या वतीने बोलणारा. त्याच्या बोलण्यात उद्याची वार्ता असतेही, पण तिच्याहून आजच्या वर्तनाविषयीची ताकीद अधिक असते. मराठी ख्रिस्ती लेखनात ह्या पुरुषासाठी 'भविष्यवादी' आणि 'संदेष्टा' असे दोन्ही शब्द आढळतात. त्यांत पहिला शब्द घातक आहे असे मला वाटते. मराठीत भविष्य हे पंचांग, कुंडली आणि पिंगळा ह्यांच्या घरचे. ते ऐकणारा फक्त 'कधी?' आणि 'कोण?' एवढेच विचारतो. 'संदेष्टा' हा शब्द घडविलेला असला तरी त्याच्यापुढे 'काय सांगितले?' हा प्रश्न उभा राहतो. 'रहस्य' ह्या शब्दाचीही हीच कथा. ग्रीक 'मुस्टेरिऑन' हा शब्द डोळे वा ओठ मिटण्याच्या धातूशी जोडला जातो, तर आपला 'रहस्य' एकांतवाचक 'रहस्'पासून आला आहे. दोहोंतही उखाणा सोडविण्याचा भाव मुळात नाही. तो आपल्या शब्दात रहस्यकथांनी भरला.

ह्या भाषांतरपरंपरेचा विस्तार येथे सांगण्याचे कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचून बायबलातील कथेला पुराणाचा साज चढविला. विल्यम कॅरे ह्यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. संस्कृतचे पांडित्य अंगी असलेल्या ह्या बाईंनी सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेचा आग्रह धरावा, ही गोष्ट आपल्या विभागातील भाषांतराच्या विद्यार्थ्यांनी जरूर मनन करावी.

आता मूळ शब्दाकडे वळू. अंगावरील चिन्हासाठी ग्रीकमध्ये निदान तीन शब्द होते. 'स्टिग्मा' म्हणजे टोचून केलेले चिन्ह. ते गुलामांच्या, अपराध्यांच्या अंगावर असे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौलाने आपल्या देहावरील खुणांसाठी हाच शब्द योजिला आहे. 'स्फ्रागिस' म्हणजे मोहोर, स्वामित्वाची व संरक्षणाची मुद्रा. 'प्रकटीकरणा'च्या सातव्या अध्यायात ईश्वराच्या सेवकांच्या कपाळांवर ही उमटते. श्वापदाच्या खुणेसाठी मात्र ग्रंथकाराने 'खारागमा' हा तिसराच शब्द निवडला आहे. कोरलेले वा दाबून उठविलेले चिन्ह असा त्याचा अर्थ. नाण्यावरील ठसा, जनावराला दिलेला डाग, बादशाही कागदपत्रांवरील शिक्का, ह्या सर्वांस तो लागू पडे. बहुसंख्य अभ्यासक ह्या ग्रंथाचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाची अखेर मानतात. त्या काळच्या आशिया मायनरमधील श्रोत्याच्या कमरेच्या कशात जे नाणे होते त्याच्यावर सम्राटाची मुखमुद्रा होती, आणि खरेदीविक्री त्याच नाण्याने व्हावयाची. हे ध्यानी घेतले म्हणजे 'खारागमा' आणि बाजार ह्यांची सांगड त्याला दूरची वाटली नसणार हे उघड होते.

मराठीत हे तीन शब्द जवळजवळ जसेच्या तसे उतरतात. 'स्टिग्मा' म्हणजे गोंदण, 'स्फ्रागिस' म्हणजे मोहोर किंवा मुद्रा, 'खारागमा' म्हणजे छाप. 'खूण' हा शब्द सुबोध खरा, पण तो फार पसरट आहे. पुस्तकात दुमडलेले पानही खूणच. शिवाय 'कपाळावरील' म्हटल्याबरोबर मराठी कान सटवाईकडे वळतो. तिने लिहिलेले जन्मतःच लिहिलेले असते, त्यात माणसाला विचारणा नाही. ग्रीक संहितेत मात्र तेराव्या अध्यायात छाप 'देण्याचे' आणि चौदाव्यात ती 'घेण्याचे' क्रियापद आहे. घेणारा तेथे जबाबदार धरला आहे. सटवाईच्या लेखाबद्दल कोणाला जबाबदार धरता येत नाही.

एका शब्दयोगी अव्ययावर किती इमारत उभी राहू शकते, हेही येथे पाहण्यासारखे आहे. ग्रीकमध्ये हात आणि कपाळ ह्यांच्यापूर्वी 'एपि' आहे. त्याचा अर्थ 'वर'. १६११ च्या इंग्रजी राजमान्य भाषांतराने तेथे 'आत' ह्या अर्थाचे अव्यय घातले. तत्कालीन इंग्रजीत ते खटकणारे नव्हते. पण त्वचेखालील चिप निघाल्यावर ह्याच 'आत'कडे बोट दाखवून भाकीत अक्षरशः खरे ठरल्याचे सांगितले जाऊ लागले. मराठी वाचकाला हा आधार मिळत नाही, कारण त्याच्या पुस्तकात 'हातावर', 'कपाळावर' असेच आहे. इंग्रजीतून आलेली व्याख्याने ऐकून तो 'वर'चा 'आत' करून घेतो, ही गोष्ट वेगळी.

श्वापदाच्या अंकाचेही तसेच. हिब्रू वर्णांना संख्यामूल्ये असतात. 'नेरॉन केसर' हे नाव हिब्रू वर्णांत मांडले तर नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६० आणि रेश २०० मिळून ६६६ होतात. नावाचे लॅटिन रूप घेऊन अखेरचा नून गाळला की उरतात ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत हाच अंक आहे. इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे सापडलेल्या व १९९९ साली प्रकाशित झालेल्या पपायरसाच्या तुकड्यातही तो मिळतो. दोन्ही पाठांचा उलगडा एकाच नावाने होतो, हे ह्या उपपत्तीचे बळ. कटपयादी पद्धती किंवा चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन अशी भूतसंख्येची रीत ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला ह्यात गूढ असे काही वाटू नये. पोथीच्या शेवटी शक ओळखावयाचा तो असाच. बारा अंकी आधार क्रमांकात ६६६ शोधणे हा मात्र निराळा खेळ आहे.

मानवक्षमतावर्धनाच्या इतर तंत्रांनाही अशीच वचने चिकटविली जातात. २०१२ साली जनुके कापण्याची 'क्रिस्पर' पद्धती पुढे आली, आणि २०१८ मध्ये एका चिनी शास्त्रज्ञाने गर्भावस्थेतच जनुके बदललेल्या बालिका जन्मल्याचे जाहीर केले. लगेच उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायातील 'नेफिलीम' आठवले गेले. हा शब्द 'पडणे' ह्या अर्थाच्या धातूवरून आला असे पुष्कळ जण मानतात. ग्रीक भाषांतरकारांनी त्याचे 'गिगांतेस' केले आणि तेथून तो धिप्पाड झाला. मराठीत त्याला 'राक्षस' म्हणावे तर पुराणांतील सारे गोत्र त्याच्यामागून चालत येते. जनुकशास्त्राशी त्याचा संबंध जोडावयाचा तर तो ह्या तीन-चार भाषांतरांच्या उड्या मारूनच जोडावा लागतो.

ही पद्धत का टिकत नाही, हे एका उदाहरणाने दाखविता येईल. यशया संदेष्ट्याच्या पस्तिसाव्या अध्यायात बहिऱ्यांचे कान उघडतील असे अभिवचन आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानामागे शस्त्रक्रियेने यंत्र बसवितात, त्याची तार आतील शंखापर्यंत जाते आणि मूल ऐकू लागते. हे यशयाचे अभिवचन म्हणावे की योहानाची छाप? यंत्र देहात आहे, डोक्यात आहे, त्याला क्रमांकही आहे. केवळ नामे जुळवीत गेले तर एकाच यंत्राला वर आणि शाप असे दोन्ही ठरविता येते. ज्या रीतीने परस्परविरुद्ध निष्कर्ष सारख्याच सहजतेने निघतात, ती रीत अर्थनिर्णयाच्या कामाची नव्हे.

आमच्या शास्त्रात ह्या व्यापाराला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शब्दाचे रूप ओळखीचे वाटले की त्यात ओळखीचा अर्थ ओतावयाचा. आमच्या जिल्ह्याच्या नावाची व्युत्पत्ती कोणी गोंदाशी लावतो, कोणी गोंडांशी. उद्या कोणी गोंदणाशीही लावील. ध्वनिसाम्य तिन्ही ठिकाणी आहे, पुरावा निराळा मागावा लागतो. भाकितांच्या बाबतीत ही लोकव्युत्पत्ती शब्दाऐवजी घटनेवर चालते, एवढाच फरक.

ह्यावरून सर्व प्रकरण निकालात निघाले असे कोणी समजू नये. नामे बाजूला ठेवून तेराव्या अध्यायातील क्रियापदे वाचली तर वेगळे काही हाती लागते. 'अगोराझेइन' म्हणजे विकत घेणे, 'पोलेइन' म्हणजे विकणे, आणि त्या दोहोंच्या मागे 'शकणे' ह्या अर्थाचे क्रियापद नकारासह. छाप कशाची, कोठे, किती अंकांची हे काळाबरोबर बदलेल. पण चिन्हावाचून बाजार बंद, हा वाक्यसंबंध बदलत नाही. संदेष्ट्याची ताकीद ह्या संबंधाविषयी आहे असे मी समजतो.

अर्जुनी मोरगाव तालुका धानाचा आहे. रोवणीच्या दिवसांत बायांचे हात दिवसच्या दिवस चिखलात असतात. त्याच्या आधी उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपान असते. अशा हातांच्या बोटांवरील रेषा झिजतात आणि रेशन दुकानातील यंत्र त्या ओळखीत नाही. हा अनुभव देशभर श्रमजीवी वर्गात नोंदला गेला आहे. ह्याच परिसरातील वयस्क गोंड स्त्रियांच्या अंगावर गोंदण असते. दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे मेल्यावर बरोबर येते, अशी श्रद्धा मध्य भारतात दूरवर पसरलेली आहे. म्हणजे तिने आपल्या लोकांत राहून घेतलेले चिन्ह मरणापलीकडे टिकणारे, आणि जन्मतः मिळालेली बोटाची रेषा मात्र चाळीस वर्षांच्या रोवणीत पुसून गेलेली. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात गोंदण्यास मनाई आहे, त्या मनाईचा आधार घेऊन ह्या स्त्रियांच्या गोंदणाला कोणी श्वापदाची छाप म्हणेल तर तो 'स्टिग्मा' आणि 'खारागमा' ह्यांची गल्लत करील.

आधारच्या यंत्रात देहावर काहीच उमटविले जात नाही, देहच यंत्रावर उमटतो. मराठीत निरक्षराला 'अंगठाछाप' म्हणण्याची जुनी रीत आहे. त्या शब्दात छाप देणारा माणूस आहे आणि ती घेणारा कागद. 'खारागमा'ची दिशा ह्याच्या उलट होती. तेव्हा शब्दार्थाने पाहता आधारला 'ती' छाप म्हणता येत नाही, आणि मिझोरममधील आक्षेप शब्दाच्या पातळीवर मान्य करणे मला कठीण जाते. क्रियापदाच्या पातळीवर मात्र तो इतक्या सहज झटकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सरकारी अनुदाने व लाभ ह्यांसाठी आधारची आवश्यकता वैध ठरविली. अंगठा न जुळल्यास डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या अंकावरून ओळख पटविण्याची सोय आहे. मोबाइल मुलाजवळ आणि मुलगा कामासाठी दूर शहरात असला, तर ती सोय त्या दिवशी त्या बाईच्या उपयोगाची नसते.

अशा वेळी दुकानात जे वाक्य ऐकू येते ते 'अंगठा लागत नाही' हे होय. 'लागणे' येथे अकर्मक आहे आणि कर्ता अंगठा आहे. यंत्राचा, दुकानाचा, नियम करणाराचा वाक्यात पत्ता नाही. ग्रीक वाक्यात तसे नाही. तेथे सर्वांवर छाप उमटविण्यास लावणारे श्वापद कर्ता म्हणून उघड उभे आहे, आणि बाजारातून वगळला जाणारा मनुष्यही. 'फोन लागत नाही' हे वाक्यही ह्याच घडणीचे आहे, पण ते बोलणारा दोष फोनकडे देतो. 'अंगठा लागत नाही' म्हणणारी बाई हात पदराला पुसून पुन्हा यंत्रावर ठेवते.