हेलियमचा शोध आणि विजयदुर्ग

हेलियम हे मूलद्रव्य पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर सापडले. त्याचा पहिला माग लागला तो १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात. या ग्रहणाचा पट्टा भारतावरून जात होता आणि निरीक्षकांच्या हाती वर्णपटदर्शक हे नवे साधन आले होते. फ्रान्सचे ज्यूल जान्सेन गुंटूरला, तर लेफ्टनंट जॉन हर्षेल जमखंडीला दुर्बिणी लावून सज्ज होते. सूर्यबिंब झाकले जाताच कडेच्या ज्वाला दिसू लागल्या आणि त्यांच्या प्रकाशात सुट्या, ठळक रेषा उमटल्या. ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे त्यावरून कळले. रेषा इतक्या तेजस्वी होत्या, की ग्रहणाविनाही त्या दिसायला हव्यात, असे जान्सेन यांच्या मनाने घेतले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या भर उन्हात पाहिल्या. २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनीही स्वतंत्रपणे हेच साधले.

खरे कोडे होते ते या रेषांतल्या पिवळ्या रेषेचे. ज्योतीत मिठाची चिमूट टाकली की ती पिवळी होते. तो रंग सोडियमचा. वर्णपटात त्याच्या दोन जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात. सूर्यज्वाळेतली रेषा होती ५८७.६ वर. एवढ्याशा फरकामुळे तीही सोडियमचीच असावी, असे सुरुवातीला वाटणे स्वाभाविक होते. लॉकियर यांनी मात्र तिची जागा काटेकोर मोजली आणि ती सोडियमची नव्हे, असे ठरवले. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह त्यांनी हायड्रोजनवर प्रयोग केले. त्यातूनही ती रेषा निघेना. तेव्हा हे नवे मूलद्रव्य मानून त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटले गेले. एका रेषेच्या आधारावर मूलद्रव्य मानायला अनेक रसायनज्ञ राजी नव्हते, आणि त्यांचा संशय रास्तच होता.

पुरावा मिळाला १८९५ साली. लंडनमध्ये विल्यम रॅमसे आरगॉनच्या शोधात क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्लाची क्रिया करत होते. निघालेल्या वायूच्या वर्णपटात अनपेक्षित पिवळी रेषा दिसली. विल्यम क्रुक्स यांनी ती मोजली; ती सूर्याचीच रेषा निघाली. हा वायू खनिजात आला कसा, हे पुढे रदरफर्ड आणि रॉइड्स यांच्या प्रयोगाने उलगडले. युरेनियमच्या विघटनात अल्फा कण बाहेर पडतात. त्यांना दोन इलेक्ट्रॉन मिळाले की हेलियमचा अणू तयार होतो. नैसर्गिक वायूच्या विहिरींतून आज मिळणारे हेलियमही कोट्यवधी वर्षे खडकांत असेच साठत आलेले आहे.

लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधले, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ तिचा पुरावा म्हणून दाखवले जातात. १८६८ च्या ग्रहणावेळी लॉकियर भारतात नव्हतेच. ते विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे रॅमसे यांच्या शोधानंतर तीन वर्षांनी. दोन ग्रहणांची ही सरमिसळ दुरुस्त केल्याने विजयदुर्गाचे मोल उणावत नाही. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी धरून तिथे मोठी निरीक्षण मोहीम पार पडली होती. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आपली उपकरणे घेऊन गेले होते. त्यांच्या निरीक्षणांचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला. जेऊरच्या या मोहिमेची आठवण आज फारशी कोणी काढत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.