पाठीवर सॅक, हातात पंचांग

न्यूझीलंडासारख्या देशांत पाठीवर एकच बोचके टाकून हिंडणाऱ्या तरुणांसाठी खास बसगाड्या धावतात. एकदा तिकीट काढावे, मन रमेल तेथे उतरावे, दोन दिवस होडी वल्हवावी, डोंगर चढावा, आणि मागून येणाऱ्या गाडीने पुढे जावे, अशी ती पद्धत. हे वाचून आमच्या बेळगावातील काही माजी विद्यार्थ्यांनी ‘असे आपल्याकडे का नाही?’ असा प्रश्न मला केला. मी म्हणालो, आहे. आणि तेही तुमच्या आजोबांच्या ओळखीच्या लाल गाडीत आहे. महाराष्ट्राच्या एस.टी.ने १९८८ साली ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना सुरू केली. चार किंवा सात दिवसांचा पास काढावा, आणि त्या मुदतीत हवे तेथे चढावे, हवे तेथे उतरावे. या पासावर यात्रा करणारी वृद्ध मंडळी पुष्कळ भेटतात. पाठीवर सॅक घेतलेला तरुण क्वचितच भेटतो.

मुलांचे पालक मात्र चटकन राजी होईनात. त्यांना दोष देववत नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडाले. तो दिवस आमच्या गावाने विसरलेला नाही. तेव्हापासून ‘समुद्र’ हा शब्द निघाला की अनेक घरांत आया गप्प होतात. परंतु मुलांना समुद्रापासून दूर ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, असे मला वाटत नाही. आपण घाटावरची माणसे. नदी-विहिरीत पोहणे आपण शिकतो. खाऱ्या पाण्याचे वळण आपल्याला कोणी शिकवीत नाही. सुट्टी लागली की वीस वर्षांची मुले मोटारी करून तिकडे जाणारच. मग ती शिकून गेलेली काय वाईट?

म्हणून गेल्या माघात आम्ही दहा जण निघालो. प्रत्येकाच्या सॅकमध्ये दोन जोड कपडे, चादर, पाण्याची बाटली आणि शिटी. सर्वांमिळून एक लांब दोर. आणि माझ्याकडे पंचांग. पंचांग पाहून मुले हसली. त्या हसण्याचे उत्तर पुढे येईल.

निपाणीहून राधानगरी, दाजीपूरच्या रानातून फोंडा घाट उतरून आम्ही विजयदुर्गास पोहोचलो. तेथून दक्षिणेकडे तोंड केले की समुद्र सतत उजव्या हाताला राहतो आणि वाट चुकण्याचे भय नाही. वाघोटन खाडीच्या मुखावरचा हा किल्ला तिहेरी तटाचा. १७५६ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला, आणि मराठ्यांचे जे आरमार इंग्रजांच्या डोळ्यांत सलत होते ते त्या लढाईत जळून गेले. स्वकीयांनीच परक्यांच्या हातून आपला समुद्र गमावल्याची ही कथा मी तटावर बसून सांगितली. मुले नेहमीपेक्षा शांतपणे ऐकत होती. देवगड, कुणकेश्वर ही ठिकाणे आम्ही धावती पाहिली.

मालवणास मुक्काम केला आणि पंचांग उघडले. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. किनाऱ्यावरच्या माणसाला त्यांतील पाऊणकी आयुष्यभर पुरते. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जे तास येतील ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तासाहून थोडी अधिक मागे पडते. सारे गणित तेवढ्यावर उभे आहे. हा हिशेब मुंबईकडे अधिक जुळतो. मालवण-गोव्याच्या बाजूला सुमारे तासभर आधी धरावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी पुष्कळ चढते आणि तेवढेच उतरते; अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तिचा जोर कमी. दुसऱ्या दिवशी मुलांनी स्वतः वेळ काढली आणि धक्क्यावर जाऊन ती ताडून पाहिली. त्यानंतर पंचांगाला कोणी हसले नाही.

भरती कळली तरी किनारा कळत नाही. लाटा जे पाणी किनाऱ्याकडे लोटतात त्याला परत जाण्यासाठी वाट लागते. वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये जेथे खोलगट भाग असतो तेथून ते एकवटून आत धावते. ओहोटीत हा ओढा बहुधा वाढतो. या वाटेवर लाटा फारशा फुटत नाहीत. पाणी शांत आणि किंचित गडद दिसते. लाटांना भिणारा नवखा मनुष्य, विशेषतः मुलाबाळांना घेऊन आलेला, नेमकी तीच ‘शांत’ जागा निवडतो. ओढ्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे हात मारीत दमून जाऊ नये. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर असे बाजूला सरकावे, आणि ओढा सुटला की लाटांबरोबर बाहेर यावे. काठावरच्याने तर मुळीच उडी घेऊ नये. दोर टाकावा, रिकामा डबा टाकावा, आरडाओरडा करून माणसे जमवावी. बुडणाऱ्याला वाचवावयास गेलेला दुसरा, त्याच्यामागे तिसरा, अशाच साखळीने एका अपघाताचे अनेक मृत्यू होतात.

तारकर्लीच्या वाळूवर जाळे साफ करीत बसलेल्या एका वृद्धास आम्ही ‘कोठे उतरावे?’ असे विचारले. त्याने पाण्याकडे पाहिलेही नाही. “हयसर नको, मास्तर. हय पाणी वढता. थय जावा,” एवढे सांगून त्याने दूर बोट दाखविले. ती जागा आम्हांस अधिक खवळलेली दिसत होती. आम्ही तेथेच गेलो, कमरेपर्यंतच्या पाण्यात राहिलो आणि तासाभरात बाहेर आलो.

धाडसाचा भाग येथेच पुरेपूर आहे. सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांत नळी लावून, किंवा प्राणवायूची टाकी म्हणतात ती (तिच्यात असते ती साधी हवाच) पाठीवर घेऊन शिक्षकाबरोबर खाली उतरता येते. पोवळी आणि रंगीत मासे पाहून वर आलेली मुले बराच वेळ बोलत नव्हती. माझी अट एकच होती: होडीत पाऊल टाकण्यापूर्वी तरंगजाकिटे मोजावयाची, आणि माणसे जाकिटांहून अधिक असतील तर चढावयाचे नाही. २४ मे २०२२ रोजी याच किनाऱ्यावर पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. मेअखेरचा समुद्र तसा असतो. पावसाळ्याच्या तोंडावर किल्ल्याची होडी बंद होते ती उगीच नव्हे.

सिंधुदुर्ग १६६४ साली शिवरायांनी कुरटे बेटावर बांधावयास घेतला. चोहोंकडे खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी. त्यांचे पाणी ओंजळीने पिऊन पाहिल्याखेरीज ते खरे वाटत नाही.

वेंगुर्ला हे एके काळी आमच्याच गावाचे बंदर. बेळगावच्या लष्करी ठाण्याचा माल येथे उतरून आंबोली घाटाने वर चढे. आगगाडी आली आणि बंदर निजले. पुढे शिरोड्याला वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शाळामास्तर होते. आडगावची शाळा, तुटपुंजे वेतन, आणि तेथूनच बहरलेले लेखन! शाळेच्या तपासणीअहवालात असले काही नोंदविण्यास रकाना नसतो. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहानेही हे गाव गाजले.

शिरोड्याहून रेडी आणि पुढे तेरेखोल हा टप्पा आम्ही पायी चाललो. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्याचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला. खालून फेरीबोट केरीला नेते. तेथून म्हापसा, पणजी, आणि चोर्ला घाटाने घर.

पुढील खेपेस दाभोळ आणि जयगडच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडून उत्तरेचा किनारा पाहावा, असा मुलांचा बेत ठरतो आहे. या वेळी दोन आयांनीही नावे दिली आहेत. तिथी काढण्याचे काम मुलांनी स्वतःकडे घेतले आहे.