नंबराच्या पलीकडचा लेथ

जुन्या लेथचं वय कसं काढतात यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं साउथ बेंड निवडलं. जॉन आणि माइल्स ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ साली तिथे लेथची कंपनी काढली. त्यांच्या ‘हाउ टू रन अ लेथ’ या पुस्तकावर शिकाऊ टर्नरांच्या पिढ्या तयार झाल्या. १९७५ मध्ये कामगारांनीच कंपनी विकत घेतली आणि १९८० मध्ये याच मालक-कामगारांनी तिच्याविरुद्ध संपही पुकारला. मी रमलो मात्र एका निवृत्त टर्नरच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या नऊ इंची साउथ बेंड लेथपाशी.

रॉकेलचा बोळा घेऊन त्यांनी टेलस्टॉककडचं बेडचं टोक पुसलं आणि त्यावर खडू घासला. पुढच्या गाइडवेंच्या मधल्या पट्टीवर ठोकलेले आकडे पांढरे होऊन वर आले. नंबरांच्या यादीत ते शोधले की साल कळतं. कंपनीच्या दफ्तरातलं कार्ड मिळालं तर लेथ कधी आणि कोणाकडे रवाना झाला, हेही कळतं. मग मॉडेल पाहायचं. ‘ए’ला गिअरबॉक्स असतो. ‘बी’ला तो नसतो, पण एप्रनमध्ये पॉवर फीड असतं. ‘सी’ला दोन्ही नसतं, आटे पाडायचे तर दर वेळी गिअर बदलायचे.

लेथचं आयुष्य कसं गेलं ते त्यांनी हाताने दाखवलं. चकजवळ कॅरेज जरा आवळून ते टेलस्टॉककडे सरकवत नेलं. वाटेत ते जड होत गेलं आणि टोकाशी अडलं. रोजचं काम चकजवळच होतं, त्यामुळे तिथला बेड झिजतो. टोकाचा बराचसा जसाच्या तसा राहतो. जितकं लवकर अडेल तितकी झीज जास्त.

स्पिंडल साध्या बेअरिंगमध्ये फिरतो आणि त्याला तेल पोचवते फेल्टची एक वात. खालचं तेल शोषून ती स्पिंडलला टेकलेली असते, खालून स्प्रिंग तिला वर रेटते. स्पिंडल परत बसवताना ही वात तारेने दाबून धरावी लागते, नाहीतर ती चिरडते. वात वाळली की बेअरिंगला चरे पडतात. नवा रंग चढवून हे चरे झाकता येत नाहीत.

अडचणी सुरू होतात त्या इथून. या मॉडेलांचे भाग एकमेकांना बसतात. कोणीतरी ‘सी’ घेतो, पुढे भंगारातल्या लेथचा एप्रन आणि गिअरबॉक्स जोडून त्याचा ‘ए’ करतो. बेडवरचा नंबर फक्त बेडचं वय सांगतो; हेडस्टॉक दुसऱ्याच लेथचा असू शकतो. बेड ग्राइंड केला असेल तर झिजेची साक्ष पुसली जाते, कधी नंबरही अस्पष्ट होतो. हौसेने केलेल्या रंगकामात जुना रंग जातो, पाटी हरवते, आणि तो लेथ कुठल्या शाळेत की कारखान्यात होता याचा शेवटचा धागाही तुटतो.

माझी काळजी याचीच आहे. साल यादीत सापडेल, पण कोणता भाग कधी आणि का बदलला ते फक्त मालकाला ठाऊक असतं, आणि तो बहुधा लिहून ठेवत नाही. म्हणून जुना लेथ घेणाऱ्याने घासायला बसण्याआधी फोटो काढावेत, पाट्या जपाव्यात आणि बदललेल्या प्रत्येक भागाची तारखेसह नोंद वहीत करावी. लेथ विकताना ती वहीही सोबत द्यावी.