स्लॅबच्या कोपऱ्यातील पीळ

गच्चीच्या कोपऱ्याला तिरकी छेदून जाणारी भेग, आणि तिच्याच खाली, स्लॅब जेथे विटांच्या भिंतीवर टेकतो त्या सांध्यात उमटलेली आडवी रेघ, ही दोन चिन्हे घरमालकांच्या इतकी परिचयाची आहेत की, त्यांचे कारण विचारण्याची गरज क्वचितच कुणाला वाटते. पावसाळ्यापूर्वी भेगेत सिमेंट किंवा डांबर भरले जाते आणि दोष गिलावा करणाऱ्याच्या माथी जातो. उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो, हे एक कारण खरेच. पण अनेकदा मूळ त्याहून खोल, आराखड्याच्या कागदावरच्या एका आकड्यात असते.

चारी बाजूंनी भिंतींवर टेकलेला स्लॅब भार दोन दिशांना वाहून नेतो. ग्रॅशॉफ आणि रँकिन यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी रीत अशी, की स्लॅब म्हणजे एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवलेल्या फळ्या समजायच्या आणि मध्यभागी दोन्हींची वाक सारखी धरून भार वाटून द्यायचा. चौरस खोलीत निम्मा भार इकडे, निम्मा तिकडे. परंतु काँक्रीटच्या फळ्या सुट्या नसतात. मधली फळी जास्त वाकते, भिंतीलगतची कमी. दोन्ही एकजीव असल्याने त्यांच्यामध्ये पीळ पडतो. ओला पंचा पिळताना हाताला जो प्रतिकार जाणवतो, तोच येथे भार उचलण्याच्या कामी येतो. अभियंते यालाच ट्विस्टिंग मोमेंट म्हणतात. सुट्या फळ्यांचा हिशेब मांडला, तर चौरस स्लॅबच्या मध्यावरील परिबलाचा गुणांक ०.०६२५ येतो, पीळ धरून स्थितिस्थापक सिद्धांताने तो सुमारे ०.०३७ इतकाच भरतो. म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के ओझे पीळ परस्पर उचलतो.

या मदतीचे मोल मात्र कोपऱ्यात चुकवावे लागते. पिळामुळे कोपरा वर उचलला जाऊ पाहतो. चार मीटर चौरस खोलीवर दर चौरस मीटरला एक हजार किलो भार धरला, तर एकूण सोळा टन होतात, आणि त्याच्या सुमारे सात टक्के, म्हणजे टनाहून थोड्या अधिक जोराने प्रत्येक कोपरा उचल खातो. वर भिंत असेल तर ती त्याला दाबून धरते. गच्चीवर हलक्या कठड्यापलीकडे काहीच नसते. दाबलेल्या कोपऱ्यात वरच्या अंगाला कर्णाच्या दिशेने ताण येतो, खालच्या अंगाला कर्णाच्या दिशेने भेग पडू पाहते. म्हणून तेथे वर आणि खाली दोन्हीकडे सळया हव्यात.

भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने हा व्यवहार स्वच्छ शब्दांत मांडला आहे. कोपरे दाबून धरलेले नसतील, तर चौरस स्लॅबला ०.०६२ हा गुणांक घ्यावा. दाबून धरून तेथे पिळाच्या सळया घातल्या, तर ०.०५६ चालेल. सळया चार थरांत, प्रत्येक थरात मध्यावरील गरजेच्या तीन-चतुर्थांश, आणि लहान बाजूच्या एक-पंचमांश अंतरापर्यंत. ज्या कोपऱ्याच्या एकाच बाजूस स्लॅब पुढे सलग जातो तेथे त्याच्या निम्म्या. दोन्ही बाजूंस सलग असेल तर मुळीच नकोत.

ढोबळ हिशेब करून पाहावा. वरील खोलीत गुणांक उतरल्याने तळाच्या सळया सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतात. कोपऱ्यांच्या चार तुकड्यांत वरचे दोन थर घालण्यास तळाच्या सळयांच्या बारा टक्क्यांच्या आसपास लोखंड लागते. (तळाचे दोन थर बहुधा मूळच्या सळयाच भागवतात, मात्र त्या भिंतीपर्यंत पुरत्या नेल्या पाहिजेत.) म्हणजे मानकाने बचत देऊ केलेलीच नाही; केवळ लोखंडाची जागा बदलली आहे. लहान गुणांक घ्यायचा आणि कोपऱ्याच्या सळया मात्र आराखड्यावर आणायच्या नाहीत, किंवा आणूनही कामावर बांधायच्या नाहीत, असे जेथे घडते तेथे जमेची बाजू वाचली जाते आणि नावे टाकायचे राहून जाते. कोणत्याही वाणसामानाच्या दुकानात ही खतावणी एक दिवस टिकणार नाही.

यावर एक सोयीचे उत्तर दिले जाते, की स्लॅब सहसा कोसळत नाही. ते बऱ्याच अंशी खरे आहे. डॅनिश अभियंते योहान्सेन यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या भंगरेषांच्या सिद्धांतानुसार, दोन्ही दिशांना सर्वत्र सारख्या सळया असलेला चौरस स्लॅब १/२४ गुणांकावरही उभा राहतो. पण कोपऱ्यात वरच्या सळया नसतील, तर भंगरेषेला तेथे फाटे फुटतात आणि हाच आकडा सुमारे १/२२ वर जातो. आठ-नऊ टक्के बळ गेले. शिवाय कोसळणे हीच काही घराची एकमेव आपत्ती नव्हे. भेगेतून पाणी, पाण्याने गंज, गंजाने फुगलेली सळई आणि सुटलेला पोपडा ही मालिका हळू चालते, पण थांबत नाही.

संगणक आल्याने हा प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक होते. घडले काहीसे उलटे. यंत्र स्लॅबच्या प्रत्येक बिंदूवर तीन आकडे देते, दोन वाकण्याचे आणि एक पिळाचा. रंगीत नकाशावर पहिले दोन पाहून सळया ठरविल्या आणि तिसरा सोडून दिला, तर भाराचा ताळमेळ बसत नाही. तिसरा आकडा पहिल्या दोहोंत कसा मिळवावा हे वुड यांनी १९६८ मध्येच दाखवले असून आर्मर यांच्या पुरवणीसह ती रीत दोघांच्या नावाने चालते. तळाच्या सळयांसाठी तर बहुतेक ठिकाणी साधी बेरीज पुरते. स्वीडनचे हिलरबोर्ग यांनी १९५६ मध्ये पीळ शून्य मानण्याची मुभा दिली, असा दाखला काही जण देतात. दाखला बरोबर, उपयोग चुकीचा. हिलरबोर्ग पीळ शून्य मानतात तेव्हा सगळा भार उरलेल्या दोन दिशांवर घालतात. पिळाने हलके झालेले आकडे उचलून पिळालाच वगळत नाहीत. नकाशाबरहुकूम सळया आखूड तोडल्या, की सर्वत्र सारख्या सळयांचा आधारही जातो.

सदनिका घेणाऱ्याला यातले काही दिसत नाही. ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवले, ते येथे अधिक तीव्रतेने लागू पडते: मोटार निदान चालवून पाहता येते, काँक्रीटखालची सळई पाहता येत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बांधणीतील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर ठेवली आहे. कोपऱ्यातील भेगेतून शिरलेले पाणी सळईपर्यंत पोहोचून पोपडे पडू लागेपर्यंत ही मुदत पुष्कळदा उलटून गेलेली असते. सळया मोजण्याची संधी खरे तर एकदाच येते, सेंट्रिंगवर त्या बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडण्यापूर्वी. त्या वेळी सदनिकेचा भावी मालक तेथे नसतो, आणि पाहणी-वहीत कोपऱ्यांसाठी वेगळा रकाना असतोच असे नाही.