नांदता विश्रामबागवाडा

पुण्याचा लक्ष्मी रस्ता ओलांडून थोरल्या बाजीरावांच्या नावाच्या रस्त्याने शनिपाराकडे चालू लागले, की तुळशीबागेच्या बाजारातील भांड्यांचा, बांगड्यांचा आणि घासाघिशीचा गलबला ऐन भरात असतानाच डाव्या-उजव्या अंगास पाहण्याचे भान असलेल्या पांथस्थाला काष्ठशिल्पाने नटलेला एक दीर्घ सज्जा दिसतो; आणि ज्याला ते भान नाही, असे पुणेकर प्रत्यही हजारोंनी त्याच्या खालून जातात. हा विश्रामबागवाडा. शेवटच्या पेशव्याने हौसेने बांधलेला, आगीत सापडलेला, पाठशाळा, कचेऱ्या आणि नगरपालिका यांचा भार वाहिलेला आणि इतके सोसूनही आपल्या मूळ जागी उभा असलेला. पुण्यास येणारा प्रवासी शनिवारवाडा पाहिल्यावाचून परतत नाही, हे योग्यच आहे. पण पेशवाईतील वाडा म्हणजे काय वस्तू होती, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला नमस्कार करून पावले इकडे वळवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. शनिवारवाड्यात तट आहे, बुरूज आहेत, जोती आहेत, कारंज्यांचे हौद आहेत; वाडा मात्र नाही.

यशवंतराव होळकराच्या स्वारीपुढे पुणे सोडून गेलेला, १८०२ च्या अखेरीस वसईस इंग्रजांशी तह करून त्यांच्याच फौजेच्या आधाराने मसनदीवर परतलेला दुसरा बाजीराव आपल्या पूर्वजांच्या वाड्यात रमला नाही. नारायणरावाचा खून आणि सवाई माधवरावाचा अपघाती शेवट ज्या भिंतींनी पाहिला, त्या भिंतींआड त्याला झोप लागत नसावी, असा तर्क पुष्कळांनी केला आहे. तो खरा असो वा नसो, शहरात निरनिराळ्या पेठांतून नवे वाडे उठविण्याचा त्याचा सपाटा मोठा होता, आणि त्यांतला विश्रामबाग हा सर्वांत देखणा. सुमारे दोन लक्ष रुपये खर्चून १८०७ च्या सुमारास तो पुरा झाला आणि राज्य जाईपर्यंत बाजीरावाचा मुक्काम बव्हंशी येथेच राहिला. ज्याच्या कारकिर्दीत खजिना रिता होत होता आणि ज्याचे स्वातंत्र्य तैनाती फौजेच्या खर्चाखाली दबले होते, त्याने सुतारकामावर असा हात सैल सोडावा, ही गोष्ट राजनीतीच्या दृष्टीने निंद्यच. परंतु इतिहासाचा न्याय आणि वास्तूचा न्याय एकच असतो असे नाही, आणि बाजीरावाच्या पदरी जमा करावी अशी जी मोजकी कामे आहेत, त्यांत या वाड्याची गणना करावी लागते.

वाड्याचे मर्म त्याच्या लाकडात आहे. दगडी जोते, त्यावर विटा-चुन्याच्या भिंती, आणि त्या भिंतींच्या पोटात व पुढ्यात सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, ही पेशवाईतील बांधणीची सर्वसाधारण रीत. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणावयाचे, आणि घर किती खणांचे यावरून घरवाल्याची ऐपत ओळखावयाची, असा तो काळ होता. येथे त्या रीतीला कलावंताचा हात लागला. खाली घेरदार आणि वर निमुळते होत जाणारे सुरूच्या आकाराचे खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी, केळफुलांची आणि पानावेलींची नक्षी, आणि रस्त्यावर पुढे आलेला तो सज्जा. आत चौक, चौकाभोवती दालने, वर दरबाराचे दालन. चौक ही या वास्तुरचनेची केवळ शोभा नव्हे. भर वस्तीत, भिंतीला भिंत लागून घरे असता, उजेड, वारा आणि पावसाचे पाणी यांचा बंदोबस्त चौकावाचून होऊच शकत नसे. उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावरून आत शिरल्यावर जो गारवा अंगाला लागतो, त्याचे श्रेय जाड भिंतींना, चुन्याला आणि या मोकळ्या आकाशाला आहे.

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि पुढील वर्षी सालीना आठ लक्षांच्या तनख्यावर बाजीराव गंगातीरी बिठूरास रवाना झाला. धनी गेला म्हणजे वाड्यास अवकळा येते, हा सार्वत्रिक अनुभव. विश्रामबागेस मात्र तीनच वर्षांत नवा धनी मिळाला, आणि तो विद्येच्या रूपाने मिळाला. पेशव्यांच्या अमदानीत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची वहिवाट होती. ती एकदम मोडल्यास लोकमत बिघडेल आणि जशीच्या तशी चालविल्यास पैका व्यर्थ जाईल, अशा पेचातून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि दख्खनचा कमिशनर चॅप्लिन यांनी वाट काढली, आणि दक्षिणेच्या रकमेपैकी काही भाग लावून १८२१ च्या ऑक्टोबरात या वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. मोरशास्त्री साठे यांच्यासारखे पंडित येथे शिकवीत. कृष्णशास्त्री चिपळूणकर येथेच शिकले. आणि मोल्सवर्थच्या कोशकार्यातील सहकारी मेजर कँडी यांनी पुढे या पाठशाळेची देखरेख केली. शास्त्र्यांच्या पाठशाळेची हळूहळू इंग्रजी पद्धतीची पूना कॉलेज ही संस्था झाली, १८६४ साली तिने डेक्कन कॉलेज हे नाव घेतले, आणि चार वर्षांनी ती येरवड्याच्या नव्या इमारतीत गेली. ज्या मराठी गद्याच्या आधारावर आजचा लेखक चार अक्षरे लिहितो, त्या गद्याची जडणघडण अंशतः बाजीरावाच्या विलासमंदिरात झाली, यातील विनोद बाजीरावाला कितपत रुचला असता, कोण जाणे.

१८७९ च्या मे महिन्यात पेशव्यांचाच बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना एकाच वेळी आगी लागल्या. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस. त्यामुळे संशयाची सुई लगोलग पुण्याच्या राजनिष्ठेकडे वळली आणि शहरावर काही काळ सरकारची वक्रदृष्टी राहिली. बुधवारवाडा नामशेष झाला. विश्रामबागेचा जळालेला भाग पुन्हा उभारला गेला. दोघांच्या नशिबांत हा फरक का पडला, याचा विचार करताना मला १८२८ सालच्या शनिवारवाड्याच्या आगीचीही आठवण होते. शनिवारवाडा काही ओसाड पडला होता असे नव्हे. इंग्रजी अमलात तेथे कैदी होते, वेड्यांचे इस्पितळ होते. म्हणजे वापर होता, पण तो उपऱ्याचा. ज्यांना ती वास्तू आपली वाटावी असे कोणी तेथे राहत नव्हते, आणि राख झाल्यावर ती पुन्हा बांधावी असे कोणाच्या मनातही आले नाही. १९१९ साली ती संरक्षित स्मारक ठरली, तेव्हा रक्षण करावयास तट आणि पाया एवढेच उरले होते.

विश्रामबागवाडा वाचला तो नांदता राहिल्यामुळे. पाठशाळा गेली, शाळा व कचेऱ्या आल्या. पुढे नगरपालिका आली, आणि १९५९ पर्यंत शहराचा कारभार याच छताखाली चालला. आजही तळमजल्यावर टपालाची खिडकी आहे, आणि शहराच्या वाढीची हकिकत सांगणारे ‘पुणवडी ते पुण्यनगरी’ हे प्रदर्शन महानगरपालिकेने येथे मांडलेले आहे. कचेऱ्यांनी वाड्याचे नुकसान केले नाही असे कोण म्हणेल? फळ्यांच्या भिंती घातल्या, तारा ओढल्या, नक्षीवर तैलरंगाचे थर चढविले. तरी छत गळू लागले की ओरडणारा माणूस आत बसलेला होता, आणि जुन्या इमारतीस कोणत्याही ताम्रपटापेक्षा असा ओरडणारा माणूस अधिक उपकारक असतो.

पुण्यातील खासगी वाड्यांना तो लाभला नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकास दुरुस्तीची ऐपत उरेना आणि भाडेकरूस ती आपली जबाबदारी वाटेना. त्यात वारसांची संख्या दर पिढीस वाढून भाऊबंदकीचे दावे दिवाणी कोर्टात पडून राहिले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा मातीच्या भिंतींचे शेकडो वाडे बसले. जे उरले ते पुढील दशकांत चटई क्षेत्राच्या हिशेबाने पडले. या पडझडीत एका माणसाने जे वेचले, ते पाहावयाचे तर विश्रामबागेपासून शनिपार ओलांडून चालत जाण्याच्या अंतरावर, शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ हा संग्रह केला. तोफा-तलवारींपेक्षा त्यांचे मन अडकित्ते, समया, पानाचे डबे, वज्री, कलमदाने, वाद्ये अशा घरगुती वस्तूंवर जडले, ही त्यांच्या रसिकतेची खूण. वस्तूंची संख्या वीस हजारांवर गेली आणि १९७५ साली त्यांनी हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूडचा मस्तानी महाल उतरवून येथे पुन्हा जोडलेला आहे. मोडलेल्या वाड्यांची कोरीव दारे आणि खिडक्याही येथे आहेत. केळकरांचे ऋण अपार आहे. परंतु दार संग्रहालयात पोहोचणे हा वाड्याच्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकाचा न्याय होय, आणि पहिला न्याय मिळवून देण्याची संधी शहरापाशी विश्रामबागेत अजून आहे.

या संधीचा खर्च फार नाही, पण तो दरसाल आहे. नवीन शतकाच्या आरंभापासून वाड्याच्या जतनाची कामे महानगरपालिकेने हाती घेतली, हे तिच्या नावे जमा. तथापि लाकूड एकदा दुरुस्त करून मोकळे होता येत नाही. पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, पन्हळी साफ करणे, तुळयांची भिंतीत रुतलेली टोके ओलीसाठी तपासणे, वाळवीवर नजर ठेवणे, ही कामे वर्षानुवर्षे चालावी लागतात. भिंतीचा गिलावा निघाला तर तेथे चुनाच लावावा लागतो; सिमेंट लावल्यास आत मुरलेले पाणी बाहेर पडण्यास वाव राहत नाही, वीट भुसभुशीत होते आणि शेजारचे लाकूड कुजते. चुना घाणीत मळून मुरविणारे गवंडी आणि सांध्यास खिळ्याऐवजी कुसू बसविणारे सुतार आता थोडे उरले आहेत, आणि निविदेतील सर्वांत कमी दराच्या नियमाखाली ते बहुधा सापडत नाहीत. म्हणून अंदाजपत्रकात मोठ्या जीर्णोद्धाराची एकदाची रक्कम धरण्याऐवजी देखभालीचे स्वतंत्र खाते असावे, त्यातून एक जाणता सुतार आणि एक जाणता गवंडी वाड्याच्या नोकरीत कायम ठेवावा, आणि त्यांच्या हाताखाली उमेदवारांना वेतन देऊन शिकवावे. टपालाची खिडकी मात्र कोणी सुशोभीकरणाच्या भरात हलवू नये.