पेडल दाबले तरी मोटार का थबकते?

घाटातल्या दुपदरी रस्त्यावर पुढचा मालट्रक ओलांडण्यासाठी चालक मोटार उजवीकडे काढतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि मोटार क्षणभर काहीच करत नाही. मग एकाएकी जोर येतो. हा मधला क्षण सेकंद-दीड सेकंदाचाच असतो. शहरात सिग्नल सुटल्यावर तो नुसती चीड आणतो. परंतु कुंभार्ली किंवा ताम्हिणी घाटात त्याचा हिशेब मीटरमध्ये करावा लागतो. ट्रकमागून ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या समोर ताशी ८० किलोमीटर वेगाने दुसरे वाहन येत असेल, तर दोहोंमधले अंतर दर सेकंदाला सुमारे ३६ मीटरने घटते. एका सेकंदाच्या विलंबात नऊ छोट्या मोटारी ओळीने उभ्या राहतील एवढा रस्ता हातचा निघून जातो.

या थबकण्याचे खापर बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सिलरेटरवर फोडले जाते. ‘पूर्वी तार होती, तेव्हा गाडी कशी लगेच उचलायची’, हे वाक्य कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून पेडलच्या जोडणीत बसवायची छोटी यंत्रेही बाजारात मिळतात. प्रत्यक्षात चालकाला जाणवणारा विलंब हा एकच नसून तीन-चार निरनिराळ्या विलंबांची बेरीज असते. त्यातला कोणता आपल्या मोटारीत मोठा आहे हे न पाहता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

जुन्या मोटारीत पेडलपासून निघालेली तार थेट इंजिनात हवा सोडणारी गोल झडप ओढत असे. पाय जेवढा दाबला तेवढी झडप उघडली, असा सरळ व्यवहार. तरीही त्या मोटारी तत्काळ उचलत, ही आठवण निम्मीच खरी आहे. झडप एकदम उघडली की हवा झटकन आत शिरे आणि पेट्रोल मागे राही. इंजिन गचका खाई. म्हणून कार्ब्युरेटरमध्ये जास्तीच्या पेट्रोलची चिळकांडी मारणारा एक लहानसा पंपच बसवलेला असे. तार सैल पडणे, गंजणे, पावसाळ्यात अडकणे हे त्याखेरीज. तारेची मोटार चालकाशी प्रामाणिक होती एवढेच. ती चपळ होतीच असे नाही.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत पेडल आणि झडप यांचा यांत्रिक संबंध तुटला. पेडलशी जोडलेले दोन संवेदक पाय किती दाबला आहे ते विजेच्या दाबाच्या रूपात इंजिनच्या संगणकाला कळवतात. दोघांच्या सांगण्यात मेळ बसला नाही, तर संगणक इंजिनची ताकद मर्यादित करून मोटार कशीबशी गॅरेजपर्यंत जाईल एवढीच मुभा देतो. सगळे ठीक असल्यास संगणक झडपेजवळच्या लहान विद्युत मोटरला आज्ञा देतो आणि झडप उघडते. ही मोटर आळशी नसते. मिटलेली झडप पूर्ण उघडायला तिला सेकंदाचे एक-दोन दशांश पुरतात. आधुनिक डिझेल इंजिनात तर वेग हवेच्या झडपेने ठरतच नाही. तेथे पेडलच्या मागणीनुसार किती डिझेल फवारायचे हे संगणक ठरवतो.

तेव्हा विलंबाचे पहिले मूळ विजेच्या तारांत नसून संगणकाला दिलेल्या सूचनांत आहे. पेडल हा आता हुकूम राहिलेला नाही, तो अर्ज झाला आहे. अर्ज मंजूर करण्यापूर्वी संगणक इंजिनचे तापमान, गिअर, चाकांची पकड, धुराचे प्रमाण अशा अनेक गोष्टी तपासतो. देशभर १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. झडप अचानक उघडली वा मिटली की इंधन आणि हवेचे प्रमाण बिघडते व धूर वाढतो; निकष कडक झाले तशी ही हालचाल गुळगुळीत करणे निर्मात्यांना भाग पडले. शिवाय एकदम आलेल्या जोरामुळे मोटारीला बसणारा हिसका टाळायचा असतो, आणि इंधनाची बचतही दाखवायची असते. म्हणून अनेक मोटारींत पेडल पहिले पाव दाबले तरी झडप त्याहून कमीच उघडते. पाय सोडल्यावर इंजिनचे फेरे लगेच खाली न येता क्षणभर रेंगाळतात, तेही बव्हंशी याच कारणाने. गिअर बदलताना क्लच झटकन सोडल्यास त्यातून गचका बसतो.

दुसरा विलंब टर्बोचा. काही छोट्या पेट्रोल इंजिनांना आणि जवळपास सर्वच डिझेल मोटारींना आता टर्बोचार्जर असतो. इंजिनातून बाहेर पडणारा वायू एक चक्र फिरवतो आणि ते चक्र जास्तीची हवा आत कोंबते. इंजिनचे फेरे कमी असताना हा वायूच अपुरा असतो. चक्राला गती येईपर्यंत एक हजार घनसेंटिमीटरचे टर्बो इंजिन हे केवळ एक हजार घनसेंटिमीटरचे इंजिन असते, हे त्याचे जाहिरातीतले आकडे वाचून मोटार घेणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. डिझेलमध्ये हवा पुरेशी नसताना जास्त इंधन सोडले तर काळा धूर निघेल, म्हणून संगणक ते रोखून धरतो. मिनिटाला साधारण १,८०० फेऱ्यांखाली पुष्कळ इंजिनांची ही अवस्था असते. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो. उंचावर हवा विरळ होते. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी ती समुद्रसपाटीच्या मानाने एक दशांशाहून अधिक विरळ असते, त्यामुळे चढावर हा विलंब अधिक जाणवतो.

तिसरा विलंब गिअरबॉक्सचा. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओपासून स्वस्त स्वयंचलित गिअर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. त्या पद्धतीत साधाच गिअरबॉक्स असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. ते करताना इंजिनचा जोर चाकांपासून तोडावा लागतो. चालकाने ओलांडण्यासाठी पेडल एकदम दाबले, की यंत्र आधी खालचा गिअर टाकायला जाते आणि नेमक्या त्या क्षणी मोटार सुन्न होते. याला इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सिलरेटर जबाबदार नाही.

यातला कोणता विलंब मोठा, हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. मोकळ्या, सरळ आणि सुरक्षित रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे फेरे तीन हजारांच्या आसपास असताना, पेडल निम्म्याहून अधिक दाबून पाहावे. मग त्याच वेगाने चौथ्या गिअरमध्ये तेच करावे. दुसऱ्यात मोटार लगेच उचलते आणि चौथ्यात रेंगाळते, तर दोष टर्बोचा आणि चुकीच्या गिअरचा आहे. दुसऱ्यातही हलके पेडल दाबल्यावर ढिम्म, पण पूर्ण दाबल्यावर तत्काळ जोर येत असेल, तर संगणकाच्या सूचना सौम्य आहेत. पूर्ण दाबूनही सुस्ती असेल आणि ती पूर्वी नव्हती, तर मोटारीत बिघाड आहे. उभ्या मोटारीत न्यूट्रलवर रेस देऊन काढलेला निष्कर्ष मात्र फसवा असतो. न्यूट्रलमध्ये अनेक संगणक फेरे मुद्दाम सावकाश चढवतात.

आता बाजारातल्या त्या यंत्राविषयी. ते पेडल आणि संगणक यांच्यामध्ये बसते आणि पेडलचा संदेश फुगवून पुढे पाठवते. पाय तीस टक्के दाबला असता संगणकाला पन्नास टक्के दाबल्याचे कळते. त्यामुळे मोटार चपळ झाल्यासारखी वाटते, आणि हलक्या पायाने चालवणाऱ्याला तो फरक खरोखर सुखावतो. पण इंजिनची ताकद यत्किंचितही वाढत नाही, टर्बो लवकर फिरत नाही आणि पेडल पूर्ण दाबल्यावर यंत्र असले काय नि नसले काय, सारखेच. दुपदरी रस्त्यावर ओलांडताना चालक पेडल पूर्ण दाबतोच. म्हणजे जेथे जीव पणाला लागतो, तेथे हे यंत्र निरुपयोगी ठरते. उलट गर्दीत इंचाइंचाने पुढे सरकताना किंवा निसरड्या रस्त्यावर मोटार हाताळणे अवघड होते. ज्या मोटारीत इको, नॉर्मल, स्पोर्ट असे पर्याय आहेत, तेथे स्पोर्ट निवडल्यावर पेडलपुरते हेच घडते, तेही निर्मात्याच्या जबाबदारीवर आणि फुकट. अनेक मालक वर्षानुवर्षे ती कळ दाबूनही पाहत नाहीत.

संगणकातील सूचनाच बदलून घेणे हा याहून मोठा हस्तक्षेप. त्याने टर्बोचा दाब आणि इंधनही बदलते, खरी ताकद वाढू शकते. पण वॉरंटी धोक्यात येते, उत्सर्जन मान्य मर्यादेबाहेर जाऊ शकते आणि क्लच व गिअरबॉक्सवर त्यांच्या कुवतीबाहेरचा भार पडतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत परस्पर बदल करण्यास मनाई करते, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

खरा उपाय बराचसा चालकाच्या हातात आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. ओलांडण्याची तयारी ट्रकला चिकटून करू नये. चार-पाच मोटारींचे अंतर मागे राहावे. त्यामुळे समोरचे दिसते आणि वेग घ्यायला जागा मिळते. गिअर आधी खाली घ्यावा, फेरे दोन हजारांच्या वर आणावेत, पेडलवर हलका दाब ठेवून टर्बोला फिरू द्यावे आणि रस्ता मोकळा आहे याची खात्री झाल्यावरच उजवीकडे यावे. विलंब नाहीसा होत नाही. तो आपल्या लेनमध्ये, ट्रकच्या मागे संपवायचा असतो. स्वयंचलित मोटारीत हेच काम गिअरचा दांडा हाताने बदलण्याच्या जागी नेऊन करता येते. पाचव्या गिअरमध्ये पेडल जमिनीला टेकवून वाट पाहणारे चालक आपल्याकडे फार आहेत. सतत वरच्या गिअरमध्ये चालवले की मायलेज वाढते, या शिकवणीचा तो परिणाम असावा.

एक सवय मात्र मोडायला हवी. स्वयंचलित मोटार चालवताना काही जण डावा पाय ब्रेकवर ठेवतात. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले गेले, तर बऱ्याच आधुनिक मोटारींचा संगणक ब्रेकचे ऐकतो आणि इंजिनचा जोर कापतो. याला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत २००९-१० मध्ये टोयोटाच्या मोटारी आपोआप वेग घेतात अशा तक्रारींचा गदारोळ झाला. तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने नासाच्या अभियंत्यांकडून तपासणी करून घेतली. फेब्रुवारी २०११ मधील अहवालानुसार अशा वेगवाढीस कारणीभूत ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. अडकणारे पेडल आणि पेडलखाली सरकणारी चटई ही कारणे पुढे आली. वाद तेवढ्यावर मिटला नाही; २०१३ मध्ये ओक्लाहोमातील एका खटल्यात ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरले. ब्रेकला अग्रक्रम देणारी व्यवस्था या प्रकरणानंतर अधिक सार्वत्रिक झाली. ब्रेकवर विसावलेला पाय जोर कापत असेल, तर तो विलंब नाही, संगणकाने केलेले संरक्षण आहे. चालकाच्या बाजूची जाड, सुटी चटईही याच कारणाने काढून टाकावी.

पूर्वी चांगली उचलणारी मोटार अलीकडे सुस्तावली असेल, तर गॅरेजचा रस्ता धरावा. हवेचा फिल्टर धुळीने भरलेला असतो. पेट्रोल मोटारीत झडपेच्या कडेला तेलकट काजळी साचते आणि हलक्या पेडलवर गचके बसतात. योग्य द्रावणाने ती साफ होते. ही झडप बोटाने ढकलून उघडू नये, त्यातील दातेरी चाके प्लॅस्टिकची असू शकतात. सफाईनंतर संगणकाला झडपेची मिटलेली जागा नव्याने शिकवावी लागते आणि ती रीत प्रत्येक निर्मात्याची वेगळी असते. चावी फिरवून पेडल पाच वेळा दाबण्याचा सर्वत्र सांगितला जाणारा तोडगा सगळ्या मोटारींना लागू पडत नाही. डिझेलमध्ये टर्बोची फाटलेली रबरी नळी, अडकलेली ईजीआर झडप किंवा काजळीने तुंबलेला गाळणीचा भाग हे नेहमीचे गुन्हेगार. इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल, तर आधी संगणकातील नोंद वाचून घ्यावी आणि मगच सुटे भाग बदलण्याची परवानगी द्यावी.

नवी मोटार घेणाऱ्याने चाचणीच्या फेरीत शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर समाधान मानू नये. घरातली चार माणसे बसवून, वातानुकूलन चालू ठेवून, एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस किलोमीटर वेगावरून पेडल दाबून पाहावे. ओलांडताना आपल्याला किती थांबावे लागणार आहे, ते तेथेच कळते.